असईवर बर्फ पडला ती दुपार

आमच्या पुंडलिकनगरच्या दोन खोल्यांत एका उन्हाळ्यात हत्ती, घोडे, तोफा आणि दोन्ही बाजूंचं पायदळ एकाच वेळी मुक्कामाला होतं, असं मी कुणाला सांगितलं की माझी मुलगी ऐकणाऱ्याला हळूच अंगठ्याचं पेर दाखवते आणि म्हणते, ते एवढे एवढेच होते हं. माझ्या गोष्टीतली हवा अशी घरातूनच काढली जाते. पण पेराएवढे असले म्हणून काय झालं? शिंद्यांचं घोडदळ फ्रिजवर होतं, कंपनी सरकारच्या पलटणी टीव्हीच्या कपाटात, आणि तोफखाना आईच्या लोणच्याच्या बरण्यांशेजारी, कारण तिथं मांजर पोचत नसे. शेजारच्या काकू विरजण मागायला आल्या की आई त्यांच्याशी बोलताना एक डोळा तोफांवर ठेवायची. आमच्या घरात सोनं नव्हतं, पण पहारा होता.

हे सैन्य आलं दातांच्या वाटेनं. मी तेव्हा दातांच्या लॅबमध्ये कामाला होते. डॉक्टर पेशंटच्या तोंडाचं माप पाठवतात, लॅबमध्ये त्याबरहुकूम दात तयार होतो, आणि शेवटी कुणीतरी शेजारच्या खऱ्या दाताचा रंग बघून त्या खोट्या दाताला बारीक ब्रशनं रंग देतं. ती कुणीतरी म्हणजे मी. लोकांना वाटतं दात पांढरा असतो. पांढरा दात फक्त जाहिरातीत. खरा दात मुळाशी पिवळसर असतो, टोकाला जरा निळसर, चहा पिणाऱ्याचा वेगळा, तंबाखू मळणाऱ्याचा वेगळा. मी रंगवलेला दात तोंडात बसला की बायकोलासुद्धा ओळखू यायचा नाही, असं मी तेव्हा सगळ्यांना सांगायचे आणि अजूनही सांगते.

शहागंजकडचे हमीद डॉक्टर आमच्या लॅबचे जुने गिऱ्हाईक. साठी उलटलेले, इस्त्रीचा शर्ट, स्कूटरवर ताठ बसणारे. एक दिवस ते लॅबमध्ये आले आणि परवाची दाताची कॅप कुणी रंगवली म्हणून विचारायला लागले. मला वाटलं, आली तक्रार. मी पुढं झाले. त्यांनी खिशातून रुमाल काढला, रुमालाची घडी उलगडली आणि माझ्या टेबलावर एक शिपाई उभा केला. फेटा, मिशी, खांद्यावर बंदूक, पायाखाली वाळू. मी भिंगातून पाहिलं तर त्याच्या डोळ्यांत बुबुळंसुद्धा होती. असा दुसरा जमेल का, एवढंच त्यांनी विचारलं.

मग हळूहळू सगळं कळलं. डॉक्टर आणि त्यांचे थोरले भाऊ दर रविवारी जेवणाच्या टेबलावर असईची लढाई खेळायचे. असई आमच्यापासून काही लांब नाही, भोकरदनच्या बाजूला. तिथं शिंद्यांची आणि इंग्रजांची गाठ पडली आणि शिंदे हरले. हे दोघं भाऊ ती लढाई पुन्हा पुन्हा लढायचे, टेपनं अंतर मोजून, फासे टाकून, मधे चहा पिऊन. शिंद्यांकडून डॉक्टर, इंग्रजांकडून भाईजान. भाईजान इतिहासाला इतके धरून की डॉक्टर जवळजवळ दर रविवारी हरायचे. कोरे शिपाई परदेशातून यायचे, राखाडी धातूचे. भाईजानांचा मुलगा आरिफ तिकडं नोकरीला होता, तो पाठवायचा. रंगवायचं काम भाईजानांचं, कारण ते ड्रॉइंगचे मास्तर होते. ते वारले तेव्हा शिंद्यांची एक पलटण कोरीच राहिली होती. डॉक्टरांचे स्वतःचे हात तोवर थरथरायला लागले होते, त्यामुळेच त्यांनी दवाखानाही अर्ध्यावर आणला होता. ती कोरी पलटण माझ्याकडं आली. अट एकच, टेबलावर ठेवल्यावर ती परकी दिसायला नको.

आता मला सांगा, दुसऱ्याच्या हातासारखा हात कसा काढायचा? दाताच्या बाबतीत शेजारचा दात समोर असतो. इथं मी भाईजानांचे शिपाई समोर ठेवून आठवडाभर नुसती बघत बसले. आधी डोळे, मग भोवतीनं चेहरा, अशी त्यांची रीत. कोटाच्या चुण्यांत ते पातळ काळपट रंग सोडायचे आणि वाळला की उंचवट्यावरून कोरडा ब्रश फिरवायचे, म्हणजे कापडाला घडी पडल्यासारखी दिसते. हे सगळं मला जमलं, तरी माझे शिपाई त्यांच्या शेजारी पाहुण्यासारखे अवघडून उभे दिसायचे. मग एका सकाळी लक्षात आलं, त्यांच्या रेघा उलट्या बाजूला कलतात. भाईजान डावरे होते. डॉक्टरांना विचारलं तर ते म्हणाले, हौ, ये बोलना रह गया. त्या दिवसापासून मी शिपाई उलटा धरायला लागले, डोकं खाली, पाय वर, आणि रेघ बरोबर पडायला लागली. आई भाजी निवडता निवडता म्हणाली, "सुजे, लढाईआधीच लटकवलंस की गं बिचाऱ्याला."

घराचं म्हणाल तर आमच्या घरात तेव्हा दोनच मोठे आवाज होते. एक पहाटे आईच्या बुद्धवंदनेचा, आणि दुसरा गल्लीत कुणीतरी नळ आला म्हणून ओरडायचा. त्या हाकेसरशी सगळं पुंडलिकनगर अंथरुणातून उठून बादल्या घेऊन पळायचं. पाणी रोज येत नसे, आणि एकदा येऊन गेलं की पुन्हा कधी येईल ते नळालाच ठाऊक. म्हणून आमचा कूलर म्हणजे शोभेची वस्तू. अण्णा, म्हणजे माझे वडील, शेंद्र्याच्या एका कंपनीत शिफ्टवर जायचे. त्यांनी तो कूलर मोठ्या हौसेनं घेतला होता, पण त्यात बादल्या ओतायच्या तर आंघोळ कशानं करायची? उन्हाळाभर त्याच्यावर पापड वाळायचे. जेवण साधं. ज्वारीची भाकरी, एखादी भाजी, आणि शेंगदाण्याची चटणी. चटणीत बोटानं आळं करायचं आणि त्यात कच्चं करडीचं तेल सोडायचं. अण्णांना तेल इतकं लागायचं की आई म्हणायची, चटणी खाताय का पोहताय?

माझी पलटण पुरी झाली. डॉक्टरांनी ती भाईजानांच्या पलटणींशेजारी ठेवली, चष्मा वर केला, खाली केला, आणि आतून नान-खलिया, म्हणजे रोटी-मटण, भरलेला डबा आणून माझ्या हातात दिला. मी समजले, पास. पण खरी जोखीम पुढंच होती. मे महिन्यात आरिफ बायकामुलांसह येणार होता, आणि भाईजानांच्या मागं पहिल्यांदाच त्या टेबलावर लढाई मांडायची ठरली. लहान मुलांचे हात लागणार, घामानं, नखांनी रंग उडणार. तेव्हा सगळ्या सैन्यावर एक शेवटचा हात मारायला हवा, वार्निशचा. त्यासाठी आरिफनं आधीच तिकडून स्प्रेचा डबा पाठवला होता, न चमकणाऱ्या वार्निशचा, कारण चमकलं की शिपाई गोळीबिस्किटाच्या दुकानातला वाटतो. डॉक्टरांनी मिठाईच्या खोक्यांत कापूस घालून सगळी फौज रिक्षानं आमच्या घरी आणली. माझी एक पलटण सोडली तर बाकी सगळं भाईजानांच्या हातचं. त्यांची चित्रं त्यांनी हयातीतच वाटून टाकली होती. भावाच्या हातचं म्हणून डॉक्टरांकडं उरलं होतं ते एवढंच. माझ्या हातून ते बिघडलं असतं तर मी पुन्हा रंगवून दिलं असतं हो, पण मग ते माझं झालं असतं. डॉक्टरांनी ना काही बजावलं, ना काही सांगितलं. फक्त रोज संध्याकाळी कशाच्या तरी निमित्तानं त्यांची स्कूटर आमच्या गल्लीत यायला लागली.

मी काही धसमुसळी नव्हे. सकाळी आधी माझ्याच दोन शिपायांवर फवारा मारून पाहिला. वाळले, झकास दिसले, रंग जसाच्या तसा. मग दुपारी मागच्या ओट्यावर सावलीत फळ्या मांडल्या आणि फळ्यांवर दोन्ही फौजा. ऊन असं की ओट्याखालची कुत्री भुंकायचंसुद्धा विसरली होती. मी तोंडाला ओढणी बांधून, घामानं निथळत, डबा हलवत उभी. तेवढ्यात अण्णा पहिली शिफ्ट करून आले. लेक अशी भाजून निघालेली त्यांना बघवेना. त्यांनी कूलरवरचे पापड उतरवले, उद्याच्या आंघोळीच्या बादल्या त्यात रिकाम्या केल्या, आणि कूलर ढकलत आणून मागच्या दारात, ओट्याकडं तोंड करून लावला. पंप गुरगुरला, ओल्या गवताचा वास सुटला, आणि माझ्या पाठीवर असा गार वारा आला की मी डोळे मिटले. असं सुख आमच्या घरात उन्हाळ्यात कुणी भोगलं नव्हतं. त्या सुखात मी गाणं गुणगुणत, सावकाश, एकही कोपरा न सोडता, शिंद्यांची आणि कंपनी सरकारची झाडून सगळी फौज फवारली.

हातपाय धुऊन परत आले आणि दारातच थांबले. असईवर बर्फ पडला होता. घोडे पांढरे, हत्ती पांढरा, तोफा पांढऱ्या. लाल कोटांवर भस्म फासल्यासारखं. मी एक शिपाई उचलला, फुंकर मारली, ओढणीनं पुसला. काही नाही. चेहऱ्याच्या जागी नुसता दुधाळ पापुद्रा, डोळे नाहीत, मिशा नाहीत. ते सगळे तसेच बंदुका रोखून उभे होते आणि कुणालाच तोंड नव्हतं. 

आज मला त्याचं कारण विचाराल तर मी खुर्चीवर चढून भाषण देईन. वार्निश वाळताना हवेत ओल असली तर ती आत अडकते आणि थर दुधाळ होतो. आमच्याकडं मे महिन्यात ओल कुठली? पापड तासाभरात वाळतात, केस धुऊन गल्लीच्या टोकापर्यंत जाईतो सुकतात. हवेत ओल असू शकते हेच आमच्या डोक्यात नव्हतं. ती ओल आम्ही आंघोळीच्या पाण्यातून, बापाच्या मायेनं, खास तयार करून आणली होती. पण त्या क्षणी मला काही कळलं नाही. अण्णांना मात्र कळलं. ते एकदा फळ्यांकडं बघत, एकदा कूलरकडं. मग त्यांनी जाऊन बटण बंद केलं आणि हळू आवाजात विचारलं, "माझ्या कूलरनं झालं का गं हे?"

हातातला शिपाई मी फळीवर परत ठेवला. मी एवढंच ठरवलं की डॉक्टर यायच्या आत आपणच शहागंजला जायचं आणि तोंडानं सांगायचं. चपला घालायला लागले तर आईनं दंड धरून बसवलं. सकाळपासून पोटात काही नाही, चक्कर येऊन पडलीस तर त्यांना आणखी एक घोर, खाऊन जा, असं तिचं म्हणणं. फळ्या आत घेतल्या, ताटं वाढली गेली. सुतकात बसल्यासारखे तिघं बसलो. अण्णांनी सवयीनं चटणीत तेल घेतलं, एक घास खाल्ला, आणि मग त्यांना राहवेना. त्यांनी हात लांब करून जवळच्या फळीवरचा, तोफ डागणारा एक गोलंदाज उचलला आणि लेकराचं नाक पुसावं तसा त्याच्या तोंडावरून अंगठा फिरवला.

"अहो, तेलकट हात नका लावू त्याला," आई म्हणाली.

अण्णांनी चटकन हात मागं घेतला. आणि त्यांच्या दोन बोटांत त्या गोलंदाजाला गाल आला होता. मग मिशी दिसली. मग निळा फेटा, अर्ध्यापर्यंत. मी भाकरी टाकून उठले आणि भिंग आणलं. तेल जिथं लागलं होतं तिथं पापुद्रा विरघळल्यासारखा नाहीसा झाला होता, आणि त्याखाली भाईजानांची रेघ उलट्या बाजूला कललेली तश्शीच होती. डोळ्यांत बुबुळंही. मी एवढा मोठा श्वास सोडला की आई म्हणाली, उडतील गं तोफा. पुढं पुष्कळ वर्षांनी वाचलं की करडीचं तेल चित्रकार रंगातसुद्धा वापरतात, ते सावकाश वाळून घट्ट बसतं. त्या दिवशी ते आम्हाला फक्त चटणीवर घालायचं तेल होतं.

तरी मी घाई केली नाही. आधी माझ्या स्वतःच्या एका शिपायाला कापसाच्या बोळ्यानं तेल लावलं, थांबले, पुन्हा पाहिलं. पांढरेपणा परत आला नाही. मग मात्र जमिनीवर जुने पेपर अंथरले, मधे तेलाची वाटी, आणि तिघं कामाला लागलो. घोडदळ अण्णांकडं, कारण गावाकडं त्यांनी जनावरं धुतली होती. हत्ती आईनं मागून घेतला. एकेका चेहऱ्यावर रंग परत येत होता आणि आमच्याही. आई तर हत्तीशी बोलायलाच लागली. आणि नेमकी त्याच वेळी गल्लीत स्कूटर थांबली.

डॉक्टर आमच्याकडं आले की आईला जयभीम म्हणायचे आणि आई त्यांना सलाम म्हणायची. दोघं एकमेकांचं अभिवादन वापरायचे, त्यात कुणालाच काही वाटायचं नाही. त्या दिवशीही जयभीम ताई झालं, सलाम डॉक्टरसाहेब झालं, आणि मग त्यांची नजर खाली गेली. अर्धी फौज रंगीत, अर्धी पांढरी, आणि आम्ही तिघं कोपरापर्यंत तेलात.

"मालिश चल्री क्या इनकी?" त्यांनी विचारलं.

मी उभी राहिले आणि सगळं सांगितलं, फवाऱ्यापासून अंगठ्यापर्यंत. अण्णा मधेच म्हणाले, "डॉक्टरसाहेब, कूलर म्या लावला. पोरीचा काही दोष नाय." डॉक्टरांनी वाकून एक पांढरा शिपाई उचलला. त्याला तोंड नव्हतं. त्यांनी तो उलटसुलट करून पाहिला. मग गुडघे वाजवत ते खाली पेपरवर बसले, माझ्याकडं हात पुढं केला आणि कापूस मागितला.

तो शिपाई त्यांनी स्वतः पुसला. थरथरता हात रंगवायला कामाचा नाही, पण तेल चोळायला नंबर एक, असं तेच म्हणाले. निळा फेटा उमटला, चेहरा आला. डॉक्टरांचे खांदे खाली आले. मग त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला, शिपाई अगदी नाकाशी धरला, आणि कपाळाला आठ्या घातल्या. "इसका दांत किधर गया?"

तो ओरडणारा शिपाई होता, तोंड उघडलेला, आणि वरचा एक दात गायब. डॉक्टरांनी दुसरा उचलला. त्याचा एक दात सोन्याचा, सुईच्या टोकाएवढा. तिसऱ्याच्या दातावर काळा ठिपका, कीड लागलेली. मग ते भराभर शिंद्यांचे शिपाई बघत सुटले. ज्याचं ज्याचं तोंड उघडं, त्याच्या त्याच्या तोंडात काही ना काही बिघाड. मग त्यांनी भाईजानांच्या इंग्रजांकडं मोर्चा वळवला. तिथं ज्याचं तोंड उघडं त्याचे दात मोत्यासारखे. इतकी वर्षं टेबलापलीकडून, हात-दीड हात अंतरावरून ही फौज बघत आले होते ते. एकेकाला नाकाशी धरायची वेळच आली नव्हती. शहरातल्या एका नामांकित दातांच्या डॉक्टराची सगळी फौज किडक्या दातांची होती, आणि भाईजान दर रविवारी समोर बसून गंभीर चेहऱ्यानं फासे टाकत होते.

डॉक्टर हसायला लागले. आधी नाकातून, मग पोटातून, मग भिंतीला टेकून. चष्मा खाली पडला, आईनं तो उचलून पदरानं पुसला. मी म्हटलं, दात मी पहिल्याच आठवड्यात पाहिले होते, मला वाटलं तुम्हाला माहीतच असणार, म्हणून माझ्याही पलटणीला मी तसेच दिले. त्यावर ते आणखी हसले. डोळे पुसले, कशानं भरले होते ते मी विचारलं नाही, आणि आम्ही चौघांनी उरलेली फौज पुसून काढली.

शेवटी सगळे ओळीत उभे राहिले तेव्हा डॉक्टरांनी त्यांतला एक निशाणवाला उचलला. त्याचे ओठ पानानं रंगलेले, पुढचे दोन दात पडलेले, आणि तरी चेहऱ्यावर गावच्या पाटलाचा रुबाब. त्यांनी तो आम्हाला सगळ्यांना दाखवला. बाकी कुणी काय म्हणेल ते म्हणो, म्हणाले, पण हा भाईजानांशिवाय कुणाच्या बापाला जमायचा नाही.

मी वाटीकडं बघायला लागले. आई मात्र आई.

"तो हिचा हाय, डॉक्टरसाहेब," ती म्हणाली. "माझ्या करमाडच्या भावाचं तोंड काढलंय हिनं. त्येचे बी फुडचे दोन नाहीत."

डॉक्टरांनी माझ्याकडं पाहिलं. मी मान हलवली. त्यांनी निशाणवाला भिंगाखाली धरला, उलटा केला, सुलटा केला, रेघा कुठल्या बाजूला कलतात ते पाहिलं. मग त्याला भाईजानांच्या खोक्यात, कापसावर, त्यांच्या निशाणवाल्याशेजारी नीट आडवा ठेवला, आणि पलीकडच्या खोलीत कुणी ऐकत असावं तसा आवाज खाली आणून मला म्हणाले, "भाईजानकू नक्को बोलो ये बात. जलते उनो."